गिअरबॉक्स नको, गाडीच बदला



परवा बस्तीत अभिषेक पाहून बाहेर पडत होते. ओळखीच्या एक वैनी चपला घालता घालता म्हणाल्या, "तुम्ही म्हणे जुन्या गाडीचे गिअर काढून ती ऑटोमॅटिक करून घेतली. कितीला पडलं हो? आमच्या ह्यांचाही गुडघा आता क्लच दाबू देत नाही. गॅरेजवाल्याचा नंबर द्या की."

गावात बातमी नेहमी अर्धीच पोचते. तसं करायला मी निघाले होते, हे खरं आहे. पर्समधून आगाऊ द्यायचे पैसे काढून मोजलेही होते. पण केलं मात्र नाही. वैनींना नंबर दिला नाही, म्हटलं, "सविस्तर लिहिते, वाचा आणि मग ठरवा." म्हणून आजचा लेख. भाजी-आमटी, व्रत-उपवास सोडून ही बाई आज गिअरबॉक्सवर काय लिहितेय, असं वाटेल. पण घराघरात पन्नाशी-साठीच्या बायका-पुरुषांचे गुडघे दुखायला लागलेत, आणि दारात गिअरची गाडी उभी आहे. प्रश्न घरगुतीच आहे.

माझं मत आधीच सांगते. गिअरची गाडी चालवणं जमेनासं झालं, तर तिचा गिअरबॉक्स बदलून ती ऑटोमॅटिक करू नका. ती गाडी ज्याला चालवता येते त्याला द्या, आणि गरज असेल तर कारखान्यातूनच ऑटोमॅटिक म्हणून आलेली घ्या, जुनी का असेना. मी उलटं करायला निघाले होते. त्याची कारणं मला फार चांगली वाटत होती, धर्माचीसुद्धा वाटत होती. ती कशी खोटी होती, तेच सांगायचं आहे.

सुरुवात एका दुपारी झाली. शाळा सुटायची वेळ होती. गतिरोधकापाशी मी थांबले, समोरून चार-पाच मुली रस्ता ओलांडून गेल्या. रस्ता मोकळा झाला म्हणून ब्रेकवरचा पाय काढून अॅक्सिलरेटरवर ठेवला आणि डाव्या पायाने क्लच हळूहळू सोडायला लागले. तेवढ्यात त्यातली एक मुलगी मागे वळली. तिची पाण्याची बाटली रस्त्यात पडली होती. मी क्लच परत दाबायला गेले आणि डावा गुडघा लचकला. पाय निसटला, गाडीने पुढे उसळी मारली आणि बंद पडली. त्या मुलीमध्ये आणि गाडीच्या बंपरमध्ये हातभर अंतर राहिलं असेल. तिने बाटली उचलली, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पळाली. कुणी ओरडलं नाही, कुणी जमलं नाही. मागच्या रिक्षावाल्याने फक्त हॉर्न वाजवला.

घरी आले आणि चार दिवस कुणाला काही सांगितलं नाही. वीस-बावीस वर्षं गाडी चालवतेय, साधा ओरखडा नाही, असं सगळीकडे सांगत आलेली मी. ते सांगणं मोडायचं नव्हतं. दर भाद्रपदात आपण उत्तम आर्जव म्हणजे मनाचा सरळपणा यावर प्रवचन ऐकतो. ते ऐकणारी मीच, आणि चार दिवस तोंड शिवून बसले. पाचव्या दिवशी ह्यांना सांगितलं. डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी गुडघ्याची झीज सांगितली, व्यायाम दिले आणि क्लचची गाडी शक्यतो टाळा म्हणाले.

आता टाळायचं कसं? हे दिवसभर दुकानात. सासूबाई ब्याऐंशी वर्षांच्या. त्यांना रोज बस्तीत, महिन्यातून दोनदा दवाखान्यात आणि अधूनमधून कुंभोजच्या बाहुबलीला न्यायचं काम माझं. सांगलीहून अंकली, जयसिंगपूर करत जायचं, हंगामात पुढे उसाच्या ट्रॉल्या, की पहिला गिअर, दुसरा गिअर, परत पहिला. तासाभराच्या रस्त्यात क्लच किती वेळा दाबला जातो ते मोजणंच नको. पुण्याचा मुलगा फोनवर म्हणाला, "आई, ती विकून टाक आणि ऑटोमॅटिक घे. एवढा विचार काय करायचा त्यात?"

पण मला विचार पडला होता. एक म्हणजे गाडी मामंजींची. त्यांनी २०१२ साली घेतलेली. पहिल्या दिवशी हळद-कुंकू लावून बस्तीसमोर उभी केली, तेव्हा पुढच्या सीटवर हातात जपमाळ घेऊन ते बसले होते. दुसरं म्हणजे माझा नियम. काही वर्षांपूर्वी दशलक्षण पर्वात मी परिग्रहाचं परिमाण घेतलं, त्यात घरात चारचाकी एकच असं ठरवलं. त्यामुळे नवी आली की मामंजींची गेली. मग वाटलं, गाडी तीच ठेवावी आणि तिच्या पोटातला गिअरबॉक्स तेवढा बदलावा. गाडी वाढत नाही, नवी घेतली जात नाही, जुनी वाया जात नाही, आठवण राहते आणि गुडघाही सुटतो. अपरिग्रहाचं याहून चांगलं उदाहरण कोणतं, असं मी स्वतःलाच समजावलं. खोटं कशाला सांगू, थोडा गर्वही वाटला.

ह्यांच्या ओळखीचे एक मिस्त्री कोल्हापुरात उद्यमनगर भागात काम करतात. हाताला गुण असलेला माणूस. त्यांना विचारलं. ते म्हणाले, "वैनी, बसतोय की. ह्याच मॉडेलची ऑटोमॅटिक गाडी अपघातात मोडलेली कुठं मिळाली की तिचा सगळा सेट काढायचा. फक्त गिअरबॉक्स नाही चालत, सगळा सेट लागतो."

हा 'सगळा सेट' काय असतो, ते त्यांनी मला समजेल अशा भाषेत सांगितलं. तुम्हालाही सांगते, कारण ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

इंजिन सुरू असलं की फिरतच असतं. चाकं मात्र कधी थांबतात, कधी हळू फिरतात. दोघांची गाठ सोडायला आणि बांधायला मध्ये क्लच लागतो. गिअरच्या गाडीत तो म्हणजे एकमेकींवर दाबून बसलेल्या तबकड्या. आपण पाय दाबला की त्या सुटतात, पाय सोडला की परत चिकटतात. जुन्या पद्धतीच्या ऑटोमॅटिकमध्ये हे काम तेल करतं. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा आणि एकच सुरू करा, त्याच्या वाऱ्याने दुसऱ्याची पातीही फिरू लागतात. तसं तिथे वाऱ्याच्या जागी तेल असतं. इंजिन एक पातं फिरवतं, तेल दुसऱ्याला फिरवतं. त्याला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. गाडी थांबली तर तेल नुसतं घुसळत राहतं, इंजिन बंद पडत नाही. अमेरिकेत जनरल मोटर्सने 'हायड्रा-मॅटिक' नावाचा पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांसाठी आणला, त्यातही इंजिन आणि गिअर यांच्या मध्ये तेलच होतं. म्हणजे कल्पना आजची नाही, आपल्या आजीच्या काळातली आहे.

आपल्याकडे मात्र स्वस्तातल्या ऑटोमॅटिक गाड्या २०१४ नंतर दिसू लागल्या. त्या वर्षी मारुतीची सेलेरिओ आली, तिच्यात एएमटी होतं. एएमटीमध्ये आतला गिअरबॉक्स गिअरच्या गाडीसारखाच असतो, क्लचही असतो. फक्त क्लच दाबणारा पाय आणि गिअर टाकणारा हात यांच्या जागी छोटी यंत्रं बसवलेली असतात आणि त्यांना हुकूम देणारा संगणक असतो. शिवाय सीव्हीटी म्हणून आणखी एक प्रकार असतो, त्यात ठरावीक गिअरच नसतात, दोन पुल्यांवर पट्टा मागेपुढे सरकतो.

मिस्त्रींनी पुढे यादी सांगितली. गिअरबॉक्स बदलला की इंजिनाला जोडणारी तबकडी बदलायची. चाकांपर्यंत जाणारे दांडे बदलायचे, कारण त्यांची लांबी वेगळी असू शकते. गिअरबॉक्स ज्यांच्यावर टेकतो ती माउंटिंग बदलायची. तेल थंड ठेवायची सोय लागते, म्हणून रेडिएटर बदलायचा किंवा वेगळा कूलर बसवायचा. तीन पेडलं काढून दोन बसवायची, मधला दांडा बदलायचा. वायरिंग बदलायचं. आणि इंजिनाचा संगणकही बदलायचा, कारण जुन्याला ऑटोमॅटिक गिअरबॉक्सशी बोलताच येत नाही. संगणक बदलला की गाडीची किल्ली त्याला ओळखीची करून द्यायची, नाहीतर गाडी सुरूच होत नाही.

मी विचारलं, "मग जुनं काय राहिलं?"

ते हसले. "बॉडी, इंजिन आणि सीट, वैनी."

खर्च त्यांनी दीड लाखाच्या आसपास सांगितला, मोडलेली गाडी कशी मिळते त्यावर कमीजास्त. आमच्या गाडीला तेव्हा बाजारात पावणेदोन लाख मिळत होते. म्हणजे गाडीच्या किमतीएवढाच खर्च. तरीही मी तयार होते. दुसरी ऑटोमॅटिक घ्यायला वरचे अडीच लाख गेले असते, त्यापेक्षा हे स्वस्त, असा हिशेब केला. पर्स उघडली ती इथेच.

मिस्त्रींनी पैशाला हात लावला नाही. म्हणाले, "एक आधीच सांगतो. बसवून देतो, चालवून दाखवतो. पण कागदावर मी काय लिहून देणार नाही. पासिंगला काय झालं, विम्याला काय झालं, तर माझ्याकडं यायचं नाही."

या वाक्याने मी पैसे परत पर्समध्ये ठेवले. जो माणूस काम करणार, तोच त्याची जबाबदारी घ्यायला तयार नाही. आणि ते बरोबरच होतं, त्यांनी लपवलं नाही, याबद्दल मी त्यांचे आभारच मानते.

घरी येऊन मुलाला कायदा पाहायला सांगितला. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ म्हणतं की नोंदणीतला तपशील आणि निर्मात्याने मुळात ठरवलेला तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाने गाडीत करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही केरळमधल्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर परवानगीविना असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. आमची गाडी २०१२ ची. म्हणजे दीड लाख घालून जी गाडी मी करणार होते, ती २०२७ मध्ये तपासणीला न्यायची आणि साहेबांनी खाली वाकून पाहू नये अशी णमोकार म्हणत प्रार्थना करायची! आपण असत्याचा त्याग अणुव्रत म्हणून घेतो, आणि मग अशी कामं 'चालतंय की' म्हणून करतो.

कुणी म्हणेल, दंड भरू, त्यात काय. मला दंडाची भीती नव्हती. मला त्या मुलीची बाटली आठवत होती.

कारखान्यातून आलेल्या ऑटोमॅटिक गाडीत एक साधी सोय असते. दांडा पार्किंगवर किंवा न्यूट्रलवर असल्याशिवाय ती सुरू होत नाही. त्यासाठी गिअरबॉक्सवर एक स्विच असतो. गॅरेजमध्ये जोडकाम करताना वायरी जुळल्या नाहीत आणि तो स्विच बाजूला ठेवून वायर थेट जोडली, तर गाडी चालते, मालकाला काही कळत नाही. पण मग ती गिअरमध्ये असतानाही सुरू होऊ शकते. किल्ली फिरवली आणि गाडी पुढे गेली, असं. म्हणजे ज्या उसळीला घाबरून मी ऑटोमॅटिककडे निघाले होते, तीच उसळी पुन्हा, आणि या वेळी दोष गुडघ्याचाही नाही. आमचे मिस्त्री असं करतील, असं मी म्हणत नाही. पण केलंय की नाही, हे मला कसं कळणार? कारखान्यात एक नमुना शेकडो वेळा तपासला जातो. इथे तपासणारी मी एकटी, तेही रस्त्यावर, शाळा सुटायच्या वेळी.

तत्त्वार्थसूत्रात हिंसेचा विचार करताना प्रमादाला मूळ धरलं आहे, हे आपण पाठशाळेत शिकलो. नुसता जीव गेला की नाही एवढंच पाहायचं नाही, आपण बेफिकीर होतो का, हे आधी पाहायचं. मुनिमहाराज चालताना पुढची चार हात जमीन पाहून पाऊल टाकतात, त्यांची ती ईर्या समिती. आपण गृहस्थ, गाडीत बसतो, आपल्याला तेवढं जमणार नाही. पण ज्या यंत्राची खात्री कुणीच देत नाही, ते रस्त्यावर आणायचं नाही, एवढं तर जमेल? त्या दिवशी काही घडलं नाही, ते त्या मुलीच्या पुण्याईने. त्यात माझी सावधगिरी कुठेच नव्हती.

हे सगळं कळूनही मन गाडीतून निघत नव्हतं. मी ह्यांना म्हटलं, दुसरं गॅरेज पाहू, पुण्याला पाहू, लेखी देणारं कुणीतरी असेल. एका संध्याकाळी दिवस मावळायच्या आत जेवणं उरकली आणि सासूबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या, तेव्हा त्यांनाही सांगितलं. म्हटलं, "मामंजींची गाडी आहे, ती जाऊ नये म्हणून एवढी धडपड करतेय."

त्यांनी ताटातून मान वर केली. "शेवटची दोन वर्षं ते गाडीत बसले होते काय गं?"

मला आठवलं. बसले नव्हते. आधी अष्टमी-चतुर्दशीला वाहन सोडलं, मग जन्मभरासाठी सोडलं. काठी टेकत बस्तीत जायचे. मी गाडी काढून मागे मागे हळू चालवायचे आणि म्हणायचे, बसा हो मामंजी, ऊन आहे. ते हात हलवून नको म्हणायचे.

"त्यांनी सोडली की ती," सासूबाई म्हणाल्या. "तुला ठेवायची असली तर तुझ्या नावावर ठेव. त्यांचं नाव कशाला मधे घालतीस?" आणि परत खडे वेचायला लागल्या.

मला त्या रात्री नीट झोप लागली नाही. परिग्रह म्हणजे काय, हे उमास्वामींनी वस्तू मोजून सांगितलेलं नाही. वस्तूवरचं ममत्व, मनाची मूर्च्छा, तोच परिग्रह. समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात रोजच्या भोगोपभोगाची मर्यादा सांगताना भोजन, झोप, स्नान यांच्या रांगेत वाहनही ठेवलं आहे. ते मी कितीदा वाचलं आहे. आणि मी काय करत होते? एकच गाडी हा आकडा पाळायचा, म्हणून त्या एका गाडीच्या पोटात दुसरी गाडी कोंबायला निघाले होते. इंजिन आणि सीट सोडून सगळं बदललं असतं आणि वर सांगितलं असतं, बघा, मी नवी घेतली नाही. नियमातली अक्षरं शाबूत राहिली असती, नियम गेला असता.

यावर तुम्ही म्हणाल, मग आपण जैन बायका जुनं टिकवतो ते चूक का? कुकरची रबर बदलतो, मिक्सरची मोटर भरून आणतो, साडीची गोधडी करतो. ते चूक नाही, ते करावंच. पण दुरुस्ती आणि बदल यांत फरक आहे. रबर बदलली की कुकर पुन्हा कुकर होतो. ज्याने बनवला, त्याने ती रबर बदलायचीच असते म्हणून बनवला. गाडीची क्लचप्लेट झिजली तर बदला, ती दुरुस्ती. पण गिअरच्या गाडीला ऑटोमॅटिक करणं म्हणजे कुकरला भोक पाडून त्याचा मिक्सर करण्यासारखं आहे. आमच्या गाडीत काही बिघडलं नव्हतं. बिघडला होता माझा गुडघा. चांगल्या चालणाऱ्या यंत्राची मोडतोड करण्यापेक्षा, ज्याचा गुडघा चांगला आहे त्याला ते यंत्र देणं यात वाया काहीच जात नाही.

तसंच झालं. आमच्या गल्लीतल्या एका मुलीला मिरजेत नोकरी लागली होती, तिच्या वडिलांनी गाडी घेतली. ती आता तीच गाडी माझ्यासमोरून झकास गिअर टाकत नेते. आम्ही २०१७ ची, दुसऱ्या हाताची एएमटी घेतली. सव्वाचार लाख पडले. हिशेब लपवत नाही. गिअरबॉक्स बदलण्यापेक्षा लाखभर रुपये खिशातून जास्त गेले. ज्यांना तेवढे शक्य नाहीत, त्यांना मी म्हणेन, थांबा, रिक्षा करा, मुलासुनेला सांगा, पण तसली जोडगाडी करू नका. रिक्षाचं भाडं वर्षाला मोजून पाहा, पुष्कळ घरांना गाडीपेक्षा स्वस्त पडतं. आम्हीही तो विचार केला होता. सासूबाईंना वेळी-अवेळी दवाखान्यात न्यावं लागतं म्हणून गाडी ठेवली.

एक गोष्ट पुरुषमंडळींसाठी. आमचे हे सुरुवातीला म्हणायचे, "गिअर नसलेली गाडी म्हणजे काय गाडी? ती बायकांची." आता रविवारी किल्ली आधी तेच उचलतात. 'मला गिअर टाकता येतो' यातही मान कषाय लपलेला असतो, माझ्यातही होता. बावीस वर्षांचा अनुभव सांगणारी मी क्लच सोडायला का तयार नव्हते, त्यात गुडघ्याचा हट्ट थोडा आणि मानाचा जास्त. मार्दव धर्म फक्त पर्वातल्या दुसऱ्या दिवसापुरता नाही, गाडीच्या सीटवरही लागतो.

ऑटोमॅटिक घेणार असाल, तर माझ्या अनुभवाच्या चार गोष्टी. परवाना वेगळा लागत नाही, आपल्याकडे हलक्या मोटारीचा परवाना दोन्हींना चालतो. पण सवय मोडावी लागते. डावा पाय बाजूला ठेवायचा म्हणजे ठेवायचाच. पहिल्या दिवशी मी सवयीने 'क्लच' दाबायला डावा पाय मारला, तो रुंद ब्रेकवर बसला आणि सासूबाईंचं डोकं पुढे गेलं. नशीब, मोकळ्या मैदानात होतो. आठ दिवस मैदानातच चालवा. ब्रेक आणि अॅक्सिलरेटर दोन्हींना एकच उजवा पाय. एएमटी गिअर बदलताना जरा अडखळते, त्याने घाबरू नका. आणि चढावर थांबलात, तर ती मागे सरकू शकते, हँडब्रेक लावा. दांडा पार्किंगवर किंवा न्यूट्रलवर घेतल्याशिवाय आणि हँडब्रेक ओढल्याशिवाय खाली उतरायचं नाही. जुनी घेताना ओळखीचा मिस्त्री बरोबर न्या, गिअरबॉक्सची दुरुस्ती महाग असते.

माझ्या मताला एक अपवाद आहे, तो सांगितला नाही तर अन्याय होईल. ज्यांना अपंगत्व आहे, त्यांच्यासाठी कायद्याने वाट ठेवली आहे. हाताने चालणारे ब्रेक-क्लच किंवा आपोआप क्लच दाबणारं यंत्र बसवून, आरटीओची रीतसर परवानगी घेऊन तशी नोंद करता येते. त्यात लपवाछपवी नाही, तपासणी आहे. ज्यांना ती गरज आहे, त्यांनी जरूर करावं. माझ्यासारख्या झिजलेल्या गुडघ्याने ती वाट अडवू नये.

आणि हो, हा प्रश्न कुणी आर्यिका माताजींना किंवा महाराजांना विचारायला जाऊ नका. माझ्या मनात एकदा आलं होतं. ज्यांनी वाहन जन्मभरासाठी सोडलं, अनवाणी विहार करतात, त्यांना कुठली गाडी घ्यावी असं विचारायचं? आपला संसार आपणच निस्तरायचा असतो.

वैनी, नंबर दिला नाही म्हणून राग नसावा. ह्यांना म्हणावं, गाडी चांगली आहे तोवर चांगल्या घरी द्या. ऑटोमॅटिक चालवून पाहायची असेल, तर आमची दारातच आहे. रविवारी सकाळी बस्ती झाली की या, मैदानात नेते.

माझ्या गाडीच्या नियमात आता एक भर घातली आहे. दुसरा गुडघाही असाच बोलू लागला, त्या दिवशी ही गाडीही जाईल. मुलाला तसं सांगून ठेवलं आहे.